उघड्या डक्टसचं औषध: अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कधी, किती आणि कसं द्यावं

एसएनसीयू आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या विशेष आणि अतिदक्षता कक्षांत) ड्यूटी करणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी आणि सिस्टर्ससाठी हे लिहितो आहे. डक्टस ही हृदयाजवळची उघडी राहिलेली नळी मिटवायला वापरली जाणारी औषधं, इबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, घरोघरी तापासाठी दिली जातात. त्या ओळखीमुळे आठ-नऊशे ग्रॅमच्या बाळाला ती देतानाही हात थोडा सैल पडतो. रेफर होऊन आलेल्या बाळांच्या केसपेपरवर मला त्याच त्या चुका दिसत राहतात: इको (हृदयाची सोनोग्राफी) न करता सुरू केलेलं औषध, लघवी न मोजता दिलेला दुसरा डोस, एक घर सरकलेलं दशांश चिन्ह.

खालचे डोस वॉर्डात, वरिष्ठ नवजात शिशुतज्ज्ञांच्या सल्ल्याने आणि आपल्या युनिटच्या प्रोटोकॉलशी ताडून वापरायचे आहेत. आईवडिलांनी ते घरी वापरू नयेत. त्यांना काय सांगायचं ते शेवटच्या भागात आहे.

१. जन्माआधी: आईचं इंजेक्शन

डक्टस म्हणजे फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी, गर्भात गरजेची असलेली नळी. पूर्ण दिवसांच्या बाळात ती बहुधा दोन-तीन दिवसांत मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तिचा स्नायू कच्चा असतो आणि प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन तिला उघडं ठेवतं. डक्टसची औषधं तेच कमी करतात.

ती उघडी राहू नये म्हणून करायचं पहिलं काम प्रसूतीच्या टेबलाआधीचं आहे. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं, तर आईला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, असे ४ डोस स्नायूत द्यायचे. बीटामेथासोन असेल तर १२ मिलिग्रॅमचे २ डोस, २४ तासांच्या अंतराने. बाळाची फुप्फुसं तयार होतात, मेंदूतला रक्तस्राव कमी होतो आणि डक्टसचा त्रासही कमी होतो. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एएनएमही (आरोग्यसेविकाही) पहिला डोस देऊन आईला पुढे पाठवू शकते.

नेहमीची चूक: “पुढच्या दवाखान्यात देतीलच” असं म्हणून डोस राहतो, आणि गाडीत दोन तास जातात. पहिला डोस जिथे आई भेटली तिथेच द्या आणि वेळ रेफर चिठ्ठीवर लिहा.

२. पहिले तीन दिवस: पाणी, ऑक्सिजन, कॅफीन

या तीन दिवसांत डक्टससाठी सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते काटेकोर पाणी. जास्त पाणी दिलं की डक्टस उघडा राहण्याची आणि आतड्याला इजा होण्याची शक्यता वाढते. पहिल्या दिवशी किलोमागे साधारण ८० मिलिलीटर, मग वजन, सोडियम आणि लघवी पाहून रोज थोडं थोडं वाढवत जायचं. पहिल्या आठवड्यात वजन दहा-बारा टक्के उतरणं अपेक्षित आहे. ते उतरलं म्हणून घाबरून पाणी वाढवू नका.

इथे एक हिशेब नेहमी सुटतो. ८०० ग्रॅमच्या बाळाला दिवसभरात अँटिबायोटिकच्या आधी-नंतर १ मिलिलीटरचे ८ फ्लश (शिरेतली नळी धुवायला सोडलेलं पाणी) गेले, तर ते ८ मिलिलीटर झाले. म्हणजे किलोमागे १० मिलिलीटर पाणी, जे चार्टवर कुठेच नाही. फ्लश अर्ध्या मिलिलीटरचा करा आणि चार्टवर त्याला वेगळा रकाना ठेवा.

ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० ते ९५ टक्क्यांत ठेवा. मॉनिटरवर ९९ दिसणं या बाळासाठी चांगलं नाही, डोळ्यांचा पडदा त्याची किंमत मोजतो. श्वास थांबण्याच्या त्रासासाठी दिलेल्या कॅफीन सायट्रेटचा (पहिला डोस किलोमागे २० मिलिग्रॅम, मग रोज ५ ते १०) इथेही फायदा दिसला आहे: २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत कॅफीन मिळालेल्या बाळांना डक्टसच्या उपचाराची गरज कमी पडली.

सावधान: “फुप्फुसात पाणी वाटतंय” म्हणून फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) सवयीने देऊ नका. ते मूत्रपिंडात प्रोस्टाग्लँडिन वाढवतं, म्हणजे जे आपल्याला कमी करायचंय तेच.

सगळ्याच लहान बाळांना प्रतिबंधक औषध द्यावं का, हा प्रश्न दर बॅचला येतो. इंडोमेथॅसिन (इबुप्रोफेनच्याच जातीचं औषध) पहिल्या काही तासांत सुरू करून तीन दिवस दिलं तर त्रास देणारा डक्टस आणि मेंदूतला मोठा रक्तस्राव, दोन्ही कमी होतात. पण २००१ च्या टीआयपीपी चाचणीत या बाळांच्या दीड वर्षांच्या वयातल्या वाढीत फरक दिसला नाही. शिवाय आपल्याकडे ते इंजेक्शन सहज मिळत नाही. इबुप्रोफेन सरसकट प्रतिबंधासाठी देऊ नये.

३. औषधाची गरज आहे का, हे आधी ठरवा

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते, आणि ती होते घाईने. इकोच्या रिपोर्टवर “पीडीए” (उघडा डक्टस) ही तीन अक्षरं दिसली की लगेच औषध लिहिलं जातं. जन्मवजन १००० ग्रॅमच्या वर असलेल्या बहुतेक बाळांचा डक्टस औषधाविना मिटतो. त्याहून लहान बाळांतही पुष्कळांचा मिटतो, फक्त वेळ लागतो.

थांबून पाहणं म्हणजे हयगय, असं वाटून घेऊ नका. २०२३ च्या बेनेडक्टस चाचणीत (नेदरलँड्स, बेल्जियम, डेन्मार्क) वाट पाहिलेली बाळं लवकर इबुप्रोफेन दिलेल्या बाळांपेक्षा मागे पडली नाहीत. २०२४ च्या ब्रिटनमधल्या बेबी-ऑस्कर चाचणीतही पहिल्या ७२ तासांत इबुप्रोफेन देऊन मृत्यू किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार कमी झाला नाही.

मग कोणाला द्यायचं? ज्या बाळाला डक्टस त्रास देतोय त्याला. बाळापाशी जाऊन हे पाहा:

- व्हेंटिलेटर किंवा सीपॅपची (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राची) गरज उतरत होती ती पुन्हा चढली आहे, आणि दुसरं कारण सापडत नाही.
- बाळाच्या तळहातावर आपल्या तर्जनीचं टोक अलगद ठेवा. तिथे ठोका जाणवत असेल तर नाडी उसळती आहे.
- दिवा बाजूने धरून छातीकडे पाहा. डाव्या बाजूची पातळ त्वचा ठोक्यागणिक हलताना दिसते.
- खालचा रक्तदाब घसरला आहे, वरच्या-खालच्यातलं अंतर वाढलं आहे.
- यकृत हाताला लागतं, वजन अचानक वाढलं आहे, श्वासाच्या नळीतून लालसर फेस आला आहे.

मर्मर (हृदयाचा जादा आवाज) ऐकू येत नाही म्हणून डक्टस नाही, असं समजू नका. पहिल्या तीन-चार दिवसांत मोठा डक्टसही गप्प असू शकतो. उलट मर्मर आहे पण बाळ दूध पचवतंय, ऑक्सिजन लागत नाही, तर औषधाची घाई नको.

४. इकोत काय विचारायचं

इको करणाऱ्याला नुसतं “पीडीए आहे का” विचारू नका. चार गोष्टी लिहून मागा: नळीची रुंदी (१.५ मिलिमीटरच्या वर असेल तर लक्ष द्या), रक्त कोणत्या दिशेने जातंय, डाव्या कर्णिकेचं महाधमनीशी प्रमाण (१.५ च्या आसपास किंवा वर असेल तर हृदयावर भार आहे), आणि उतरत्या महाधमनीत रक्त उलटं फिरतंय का. ते उलटं फिरत असेल तर आतडी आणि मूत्रपिंड उपाशी राहत आहेत.

पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: हृदयाची रचना ठीक आहे ना?

सावधान: काही जन्मजात हृदयविकारांत बाळ याच नळीवर जगत असतं. तिथे डक्टस मिटवणं म्हणजे बाळाचा रक्तपुरवठा तोडणं. मांडीतली नाडी लागत नसेल, उजवा हात आणि पाय यांच्या सॅच्युरेशनमध्ये फरक असेल, किंवा ऑक्सिजन देऊनही बाळ निळंच असेल, तर इको होईपर्यंत इबुप्रोफेन, इंडोमेथॅसिन, पॅरासिटामॉल यांतलं काहीही डक्टससाठी देऊ नका. रक्त उजवीकडून डावीकडे जात असेल, म्हणजे फुप्फुसातला दाब चढलेला असेल, तरीही नाही.

इकोची सोय नसेल तर औषध “देऊन पाहू” नका. बाळाला उबेत ठेवा, पाणी काटेकोर द्या, आणि इकोची सोय आहे तिथे फोन करा.

५. पहिल्या डोसआधीची तपासणी

ही यादी केसपेपरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. एकही रकाना रिकामा असेल तर बाटली उघडू नये.

- लघवी: तासाला किलोमागे १ मिलिलीटर तरी हवी. ०.६ च्या खाली असेल तर इबुप्रोफेन किंवा इंडोमेथॅसिन नको.
- क्रिएटिनिन: पहिल्या दिवसाचा आकडा बराचसा आईचा असतो. एका आकड्यावर न जाता चढतोय की उतरतोय ते पाहा. १.६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) च्या वर असेल तर थांबा.
- प्लेटलेट: ५०,००० च्या खाली असतील तर इबुप्रोफेन नको.
- रक्तस्राव: नाळ, सुईची जागा, पोटातून काढलेला द्रव, शी. डोक्याची सोनोग्राफी झाली का?
- पोट: फुगलेलं, चकाकणारं, हिरवा द्रव येणारं पोट म्हणजे आतड्याचा आजार असू शकतो. आधी त्याचा निकाल लावा.
- कावीळ: बिलिरुबिन रक्तबदलाच्या रेषेजवळ असेल तर इबुप्रोफेन टाळा. ते बिलिरुबिनला अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावरून हटवू शकतं.
- चालू औषधं: जेंटामायसिन किंवा अमिकासिन चालू असेल तर मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. हायड्रोकॉर्टिसोन किंवा डेक्सामेथासोन चालू असताना इंडोमेथॅसिन किंवा इबुप्रोफेन दिलं तर आतड्याला भोक पडण्याची भीती असते.

६. कोणतं औषध

यादी पूर्ण जमत असेल तर पहिली निवड इबुप्रोफेन. तोंडावाटे, म्हणजे पोटातल्या नळीतून दिलेलं इबुप्रोफेन शिरेतून दिलेल्याइतकंच काम करतं, आणि इंडोमेथॅसिनपेक्षा मूत्रपिंडाला व आतड्याला सौम्य पडतं. डोस: किलोमागे १० मिलिग्रॅम, २४ तासांनी ५, आणखी २४ तासांनी ५.

लघवी कमी असेल, प्लेटलेट कमी असतील, रक्तस्राव असेल किंवा कावीळ चढलेली असेल, तर पॅरासिटामॉल. किलोमागे १५ मिलिग्रॅम, दर ६ तासांनी, ३ दिवस, म्हणजे १२ डोस. गरज पडली तर वरिष्ठांना विचारून ७ दिवसांपर्यंत, पण मग यकृताची तपासणी करूनच.

दोन्ही औषधं एकत्र सुरू करू नका. एकाने लवकर गुण आला नाही म्हणून मध्येच दुसरं जोडणं, हेही नको.

७. डोस मोजणं: इथे दोघांनी उभं राहायचं

एका रात्री ८८० ग्रॅमच्या बाळासाठी पॅरासिटामॉलचं इंजेक्शन भरलेलं मी पाहिलं. ऑर्डर बरोबर होती, १३.२ मिलिग्रॅम. सिरिंज मात्र २० मिलिलीटरची होती आणि तिच्यात १३ मिलिलीटर भरलेलं होतं. इंजेक्शनच्या १ मिलिलीटरमध्ये १० मिलिग्रॅम असतात, म्हणजे द्यायचं होतं १.३२ मिलिलीटर. पंपावर चढवण्याआधी दुसऱ्या सिस्टरनी “एवढ्याशा बाळाला एवढी मोठी सिरिंज कशी?” असं विचारलं आणि बाळ वाचलं. भरणारी सिस्टर सलग दुसऱ्या ड्यूटीवर होती. तिला दोष देऊन काही साधलं नसतं. त्या दिवसापासून आमच्याकडे ऑर्डरवर मिलिग्रॅम आणि मिलिलीटर दोन्ही, पूर्ण अक्षरांत लिहिले जातात. “एमजी” आणि “एमएल” घाईच्या अक्षरात सारखेच दिसतात.

क्रम असा ठेवा:

अ) वजन. बाळ जन्मवजनावर परत येईपर्यंत डोससाठी जन्मवजनच धरा. सुजेने वाढलेलं वजन धरू नका.

आ) बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचा. इबुप्रोफेनचं सिरप बहुधा ५ मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १ मिलिलीटरमध्ये २०. पॅरासिटामॉलचे थेंब १ मिलिलीटरमध्ये १००, एक सिरप ५ मिलिलीटरमध्ये १२५, दुसरं २५०. नाव तेच, ताकद चौपट कमी-जास्त.

सावधान: बाजारात इबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली सिरप भरपूर आहेत, आणि खोकाही तसाच दिसतो. नातेवाइकांना चिठ्ठी देऊन बाहेरून औषध आणायला सांगितलं की हीच बाटली हातात येते. चिठ्ठीवर “फक्त इबुप्रोफेन, दुसरं काही मिसळलेलं नको” असं स्वच्छ लिहा आणि आणलेली बाटली उघडण्याआधी घटकांची ओळ वाचा.

इ) हिशेब कागदावर करा. ८८० ग्रॅम म्हणजे ०.८८ किलो. इबुप्रोफेनचा पहिला डोस ८.८ मिलिग्रॅम, भागिले २०, म्हणजे ०.४४ मिलिलीटर. दुसरा आणि तिसरा ०.२२ मिलिलीटर. पॅरासिटामॉलचे १३.२ मिलिग्रॅम १२५ च्या सिरपमधून ०.५३ मिलिलीटर होतात, थेंबांतून ०.१३.

ई) दुसऱ्या व्यक्तीने पहिलीचं उत्तर न बघता तोच हिशेब करायचा. नुसती सही म्हणजे तपासणी नव्हे.

उ) १ मिलिलीटरची ट्युबरक्युलिन सिरिंज घ्या. इन्सुलिनची घेऊ नका, तिच्यावर युनिट असतात आणि आपल्याकडच्या साध्या सिरिंजवर ४० युनिट म्हणजे १ मिलिलीटर. तोंडावाटे द्यायच्या औषधाची सिरिंज वेगळ्या रंगाची ठेवता आली तर फार बरं, म्हणजे सिरप चुकून शिरेत जाणार नाही.

ऊ) बाटली हलवा. इबुप्रोफेन तळाशी बसतं. न हलवता वरचं काढलं तर पहिल्या बाळाला पाणी आणि शेवटच्या बाळाला जहर.

८. देताना आणि पुढचे तीन दिवस

पोटातल्या नळीची जागा आधी तपासा. सिरप घट्ट आणि गोड असतं, म्हणून तेवढ्याच निर्जंतुक पाण्यात पातळ करून लगेच द्या. उरलेलं साठवू नका. मागून अर्धा मिलिलीटर पाणी सोडा. ०.२२ मिलिलीटरचा डोस मागून पाणी न दिल्यास सगळाच्या सगळा नळीत राहू शकतो. “औषधाने गुण आला नाही” असं आपण लिहितो, आणि औषध मात्र पोटात पोहोचलेलंच नसतं.

शिरेतून पॅरासिटामॉल पंपावर १५ ते ३० मिनिटांत जाऊ द्या.

आईचं दूध बंद करायची गरज नाही. थोडं थोडं दूध चालू राहिलेली बाळं उलट लवकर पूर्ण दुधावर येतात. पोट तपासत राहा, एवढंच.

प्रत्येक डोसआधी पुन्हा पाहा: मागच्या ६ तासांची लघवी, पोटाचा घेर, शीमध्ये रक्त, पोटातल्या नळीतून येणारा द्रव, सुईच्या जागेवरून झिरपणारं रक्त. दिवसातून एकदा सोडियम, क्रिएटिनिन, प्लेटलेट, साखर. लघवी लंगोटाच्या वजनावरून मोजत असाल तर ओला लंगोट लगेच काट्यावर ठेवा. वॉर्मरखाली तासभर राहिला तर पाणी उडून जातं आणि लघवी कमी झाली असं खोटंच दिसतं.

लघवी ०.६ च्या खाली गेली तर पुढचा इबुप्रोफेनचा डोस थांबवा, पाणी कमी करा, वरिष्ठांना कळवा. सोडियम घसरलं असेल तर बहुतेक वेळा शरीरात पाणी साठलेलं असतं. मीठ ओतण्याआधी वजन पाहा.

पॅरासिटामॉल चुकून जास्त गेलं असं कळलं तर लपवू नका. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो जितका लवकर, तितका चांगला.

९. मिटला का?

शेवटच्या डोसनंतर साधारण २४ तासांनी इको करा. मध्येच मर्मर गेला म्हणून डोस अर्धवट सोडू नका. डक्टस लहान झाला आणि बाळाचा श्वास सुधारला, तर नळी पूर्ण मिटलेली नसली तरी तिथेच थांबता येतं.

अजून मोठा आणि त्रासदायक असेल तर पाचव्या भागातली यादी नव्याने भरून दुसरा कोर्स. दोन कोर्सनंतर तिसऱ्याने फारसं साधत नाही. बाळ दोन-तीन आठवड्यांचं झालं की औषधाचा असर तसाही उतरत जातो. तेव्हा उरतं ते शस्त्रक्रियेने नळी बांधणं किंवा मांडीच्या शिरेतून छोटं उपकरण बसवणं. पिकोलो नावाच्या उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २०१९ मध्ये ७०० ग्रॅमच्या बाळापासून मान्यता दिली. ते बसवणारे हात मोजक्याच मोठ्या केंद्रांत आहेत, म्हणून दुसरा कोर्स सुरू करतानाच तिथे फोन करून ठेवा.

रेफर चिठ्ठीवर औषधाचं नाव, प्रत्येक डोसची तारीख आणि वेळ, शेवटची लघवी, शेवटचा क्रिएटिनिन आणि दोन्ही इकोंचे आकडे हवेतच. “पीडीएसाठी औषध दिले” एवढ्यावरून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

१०. आईवडिलांशी बोलताना, आणि घरी जाताना

“हृदयाला भोक आहे” असं म्हणू नका. ते ऐकून घरचे ऑपरेशनच्या पैशांच्या मागे लागतात आणि आईचं दूध आटतं. असं सांगा: “पोटात असताना लागणारी एक नळी बाळ लवकर आल्यामुळे अजून मिटलेली नाही. बऱ्याचदा ती आपोआप मिटते. त्रास दिला तर औषध देऊ, आणि रोज काय चाललंय ते तुम्हाला सांगू.” इबुप्रोफेन हे तापाचंच औषध आहे हेही आपणच सांगा. बाळाला ताप नसताना हे का देताय, हा प्रश्न आजी विचारणारच.

डक्टस थोडा उघडा असतानाच बाळ घरी जात असेल तर आईला चार खुणा दाखवून द्या: दूध पिताना कपाळावर घाम, दोन-चार घोटांत दमणं, छाती आत ओढत जोरजोरात श्वास, आणि आठवडाभरात न वाढलेलं वजन. यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी यायचं. घरी सर्दी-तापासाठी मोठ्या भावंडाची बाटली या बाळाला द्यायची नाही, हे आजीसमोर सांगा.

पुढच्या इकोची तारीख डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा. आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) पथकाची आणि जिल्ह्याच्या लवकर निदान केंद्राची नोंदही त्याच कार्डावर करून द्या, म्हणजे पुढे डक्टस बंद करावा लागलाच तर कुटुंबाला योजनेच्या खिडकीवर पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागणार नाही.